कर्णधार राणी रामपाल

हरियाणातलं शाहाबाद मारकंडा. वडील गाडा ओढायचे. मुलगी प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्या कडक तालमीत घडली आणि १५व्या वर्षी, २०१०च्या हॉकी विश्वचषकात, ७ गोल करून आली.

पण राणी आठवावी ती २ नोव्हेंबर २०१९च्या भुवनेश्वरसाठी. ऑलिंपिक पात्रतेच्या पहिल्या लढतीत अमेरिकेला ५-१ हरवलेला भारत दुसऱ्या लढतीत मध्यंतरालाच ०-४ असा मागे पडला. एकूण गोल ५-५! ४८व्या मिनिटाला कर्णधारानेच गोल मारला, टोकियो पक्कं झालं. तिथे ऑस्ट्रेलियाला १-० नमवून भारतीय महिला प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचल्या. कांस्यपदक मात्र थोडक्यात हुकलं.

२०२०मध्ये पद्मश्री आणि खेलरत्न. २०२४मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिची २८ क्रमांकाची जर्सीही सन्मानाने निवृत्त केली गेली.