तीस हजार पाठभेद आणि ख्रिस्ती विद्वानांचे उत्तर

ऑक्सफर्डचे विद्वान जॉन मिल यांनी नव्या कराराच्या ग्रीक संहितेसाठी तीस वर्षे वेचली. सुमारे शंभर हस्तलिखिते, जुनी भाषांतरे, प्राचीन धर्मपित्यांनी दिलेले उतारे, सारे त्यांनी एकत्र ताडून पाहिले. १७०७ साली ग्रंथ छापून बाहेर आला आणि अवघ्या दोन आठवड्यांत मिल वारले. मागे राहिल्या तळटीपा. त्यांत सुमारे ३०,००० पाठभेद होते. ज्या शास्त्राचा शब्द न् शब्द देवाचा म्हणून लोक वाचत होते, त्याच्या हातप्रतींचे एकमेकींशी इतके न जुळणे अनेकांना हादरवून गेले.

पहिला विरोध श्रद्धावंतांकडूनच आला. डॅनियल व्हिटबी या पाळकाने १७१० साली मिल यांच्यावर टीकाग्रंथ लिहिला. अशा याद्या छापणे म्हणजे धर्माच्या शत्रूच्या हाती शस्त्र देणे, हे त्याचे भय होते, आणि ते अनाठायी नव्हते. १७१३ साली अँथनी कॉलिन्स या मुक्तविचारवाद्याने नेमके तेच शस्त्र उचलले. संहिताच निश्चित नसेल, तर तिच्या आधारावर कोणी कोणाला काय सांगावे, असा त्याचा रोख होता.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रिचर्ड बेंटली यांनी त्याच वर्षी टोपणनावाने उत्तर दिले. मला ते आजही या वादातले सर्वांत भक्कम उत्तर वाटते. पाठभेद मिल यांनी निर्माण केले नाहीत, दाखवले. एखाद्या ग्रंथाची एकच प्रत उरली, तर पाठभेद शून्य. पण त्या प्रतीतली चूक सुधारण्याचा मार्गही बंद. रोमन इतिहासकार वेलेयस पातेर्क्युलस याच्या ग्रंथाची गत तशीच झाली आहे. प्रती वाढल्या की भेद वाढतात, आणि मूळ शोधण्याची साधनेही त्याच मापाने वाढतात.

बेंटली यांची स्वतःची नियोजित आवृत्ती मात्र कधी निघाली नाही. काम पुढे नेले ते जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या योहान आल्ब्रेख्ट बेंगल या भाविक लुथरन शिक्षकाने. विद्यार्थिदशेतच पाठभेदांनी त्यांचे मन अस्वस्थ झाले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. डेंकेनडॉर्फच्या मठशाळेत शिकवता शिकवता मिळेल ती हस्तलिखिते तपासली. १७३४ साली त्यांची आवृत्ती निघाली. मुख्य मजकूर त्यांनी बहुतांशी रूढच ठेवला, पण पाठांना ग्रीक अक्षरांनी पाच श्रेणी दिल्या: कोणता पाठ नक्की मूळचा, कोणता संशयास्पद, कोणता टाकाऊ.

त्यांचे दोन नियम अजून टिकून आहेत. हस्तलिखितांची नुसती मोजदाद करू नये, वजन पाहावे. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या शंभर प्रती ही शेवटी एकच साक्ष. आणि दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक जुना धरावा, कारण नकलाकार खटकणारे सोपे करतो, सोपे मुद्दाम खटकणारे करत नाही. हीच शिस्त पुण्यालाही आली. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी अवघड पाठाचे हेच तत्त्व वापरले.

बेंगल यांचा निष्कर्ष असा, की भेद बहुतेक किरकोळ आहेत आणि श्रद्धेचा एकही पाया त्यांनी ढासळत नाही. पहिला भाग निर्विवाद आहे. बहुसंख्य भेद वर्णलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत. दुसऱ्या भागावर वाद चालू आहे. मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. योहानातली व्यभिचारिणी स्त्रीची गोष्टही त्यांत नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा आला की राग, यावर प्रती विभागलेल्या आहेत. बेंगल यांच्याच नियमाने बार्ट अर्मन यांच्यासारखे पाठचिकित्सक ‘राग’ मूळचा मानतात. शिवाय संहिता मूळची ठरली म्हणून त्यातली घटना घडली, हे सिद्ध होत नाही. तो निराळा प्रश्न १८३५ साली डाव्हिड श्ट्राउस यांनी येशूचरित्रातून उभा केला, तोही बेंगल जिथे शिकले त्याच ट्युबिंगेनमधून.

आज नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते नोंदलेली आहेत आणि पाठभेदांचे अंदाज लाखांत जातात. अर्मन यांनी २००५ सालचे आपले गाजलेले पुस्तक गुरू ब्रूस मेट्झगर यांना अर्पण केले. मेट्झगर प्रेस्बिटेरियन पाळक होते आणि अखेरपर्यंत श्रद्धावान राहिले. शिष्याची श्रद्धा गेली. पुरावा दोघांपुढे एकच होता. म्हणून केवळ आकडा पुढे करून बायबल खोटे किंवा खरे ठरवणाऱ्या कोणाचेही म्हणणे अपुरे समजावे.

लपवाछपवीचा मार्ग मात्र ख्रिस्ती पाठचिकित्सकांनी सोडला, हे त्यांचे मोठे श्रेय. त्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांपैकी एक, चौथ्या शतकातले कोडेक्स सायनायटिकस, २००९ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी खुले आहे. मार्कचे शुभवर्तमान त्यात सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपते. वाचकांनी ते पान स्वतः उघडून पाहावे.