पेटीला भोक कशाला?

सातारा जिल्ह्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून येथे मुक्कामाला येते. मंडपातील कीर्तन असो, उरसातील कव्वाली असो किंवा शाळेचे स्नेहसंमेलन असो, लाउडस्पीकर लागतोच. त्याची लाकडी पेटी तुम्ही जवळून पाहिली आहे का? पुष्कळ पेट्यांना एक गोल भोक असते व त्यात नळी बसवलेली असते. ती कशासाठी?

स्पीकरचा पडदा मागेपुढे हलतो. तो पुढे आला, की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढचा व मागचा आवाज एकत्र आले, तर खर्जाचा आवाज नाहीसा होतो. म्हणून मागचा आवाज पेटीत कोंडतात. पण मग तो वाया जातो. नळी त्याचा उपयोग करून घेते.

एक प्रयोग करा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर घाला. घुमणारा स्वर निघेल. आता अर्धी बाटली पाण्याने भरून फुंका. स्वर चढेल. बाटलीतील हवा स्प्रिंगसारखी असते व मानेतील हवा तिच्यावर हलणाऱ्या वजनासारखी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. पेटी म्हणजे बाटली आणि नळी म्हणजे तिची मान. नळी लांब केली, की स्वर उतरतो. रुंद केली, की चढतो. अमेरिकेतील थुरास यांना अशा पेटीचे पेटंट १९३२ साली मिळाले.

मग भोक पुढे ठेवावे की मागे? खर्जाच्या लाटा फार लांब असतात. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर भरते. म्हणून जागा बदलली, तरी खर्ज फारसा बदलत नाही. मात्र नळीतील हवेला मोकळी वाट हवी. नळीचे आतले टोक पेटीच्या फळीला टेकता कामा नये. भोक मागे असेल, तर पेटी भिंतीला चिकटवू नये. तसे केल्यास आवाज नुसता घुमतो आणि शब्द कळत नाहीत. भोक पुढे असेल, तर आतला गोंगाटही त्यातून बाहेर येतो. म्हणून पेटीला आतून कापसासारखे अस्तर लावतात.

शब्द कळेनासे झाले, की लोक आवाज वाढवतात. त्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, शेजाऱ्यांची झोप मात्र मोडते. तेव्हा बटणाला हात लावण्यापूर्वी पेटी भिंतीपासून थोडी पुढे ओढून पाहा!