फोटोतले काळे पट्टे कुठून येतात?

मागच्या महिन्यात आजीच्या पंचाहत्तरीला फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. घरी येऊन बघतो तर औक्षणाच्या प्रत्येक फोटोत आजीच्या चेहऱ्यावर काळे पट्टे! एडिट करूनही गेले नाहीत.

फोन चांगला होता, घोळ मीच केला. फोटो हलू नये म्हणून प्रो मोडमध्ये शटर १/१००० वर ठेवलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण मोबाइलचा सेन्सर अख्खा फोटो एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. शटर इतकं वेगवान असलं की काही ओळी प्रखर क्षणी टिपल्या जातात, काही मंद. तेच पट्टे.

म्हणून अशा हॉलमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. फोटो जास्त उजळ आला तर आयएसओ कमी करा. समोरच्याला क्षणभर स्थिर उभं राहायला मात्र सांगावं लागतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे १/१२० किंवा १/६०. डिमरवरचे काही दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे हे आकडे चालतीलच असं नाही. सरळ खिडकीजवळ जा.

आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी एक फोटो काढून झूम करून बघा. मी तेवढंही केलं नव्हतं.