पायांचा वारसा

घराण्यातून वारशाने जमीन येते, वाडा येतो, कर्ज येते, एखादा आजारही येतो. आमच्याकडे यांतले फारसे काही आले नाही. आले ते एका जागी न ठरणारे पाय. ‘पायाला भिंगरी लागली आहे का?’ हा प्रश्न इतर घरांत रागाने विचारतात. आमच्या घरी तो कौतुकाने विचारला जाई.

याला थोडाफार आमचा नगर जिल्हाही कारण असावा. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे पैठणहून नेवाशाला आली आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते, ती याच जिल्ह्यातून जाते. राहुरीकडच्या आमच्या आजोबांचे चालणे या पालखीमागे सुरू झाले. वारकऱ्याच्या घरात वारी ‘चालवायची’ असते. बाप थकला की मुलाने ती पुढे न्यायची. चालण्याची ओढ पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याची याहून सुंदर रीत मला तरी ठाऊक नाही.

आजीची गोष्ट निराळी. त्या काळच्या बाईला माहेर आणि सासर या दोन गावांपलीकडे जायचे तर कारण द्यावे लागे आणि देव हे एकच कारण घरात चालत असे. आजीने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पंढरपूर झाले, मग काशी झाली. परतल्यावर ती विश्वनाथाबद्दल कमी आणि गंगेवरच्या होड्या, घाट, परमुलखातल्या बायकांची वस्त्रे यांबद्दलच अधिक बोले. तिथे अहिल्याबाई होळकरांचे नाव कानावर पडले, तेव्हा आपलीच कोणी भेटल्यासारखे वाटले म्हणे. अहिल्याबाई १७२५ साली जन्मल्या त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीला. त्यांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. वाटसरूची एवढी काळजी वाहिलेल्या बाईचे नाव २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याला मिळाले, तेव्हा आजी असायला हवी होती.

वडिलांच्या लहानपणी एस.टी. आली. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. धावली ती पुणे-नगर मार्गावर. लाकडी बांध्याची बेडफर्ड गाडी, किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. वडील पुढे शिक्षक झाले. उन्हाळ्याच्या सुटीत एक प्रवास ठरलेला आणि गाडीत चढण्यापूर्वी एक प्रश्नही ठरलेला: ‘जायचंय त्या गावची नदी कोणती?’ कोपरगावची गोदावरी सोपी होती. संगमनेरला मात्र प्रवरा सांगून भागत नसे, म्हाळुंगीही सांगावी लागे. दोघींच्या संगमावरून तर गावाचे नाव. उत्तर बरोबर आले तर खिडकीची जागा. भावाचे चुकले आणि माझे बरोबर आले, तर खिडकी मला मिळे. मुलगी म्हणून मागची जागा हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

मी नऊ वर्षांच्या लेकीला कळसूबाईवर नेले. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण. लोखंडी शिड्यांवर तिचे पाय लटपटले, पण माथ्यावरच्या देवळाशी पोहोचल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, ‘आता पुढे कुठे?’ वारसा पोहोचल्याची पावती मिळाली.

प्रवासाचे गोडवे गाताना याच जिल्ह्यातली दुसरी वाटचाल विसरून कसे चालेल? पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड पाठीशी घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. पारनेरकडचे मेंढपाळ चाऱ्यासाठी कळपामागे मुलूख पालथा घालतात. तिथेही चालणे बापाकडून मुलाकडे येते, पण त्यासोबत मुलाची शाळाही सुटते. त्याला हौस म्हणणे क्रूरपणाचे होईल. परतायला घर असावे आणि न जाण्याची मोकळीक असावी, तेव्हाच वाट आनंदाची होते. आणि ज्याला न जाण्याची मोकळीक हवी, त्याला जाण्याचीही हवीच.

या दुसऱ्या मोकळिकीची परीक्षा आमच्याच घरात झाली. लेक बावीस वर्षांची झाली आणि म्हणाली, ‘मी एकटी हंपीला जाणार.’ पायांचे कौतुक करणारे आमचे घर एकदम गप्प झाले. सोबत कोण, मुक्काम कुठे, असे प्रश्न सुरू झाले. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, ‘तिथली नदी कोणती?’

‘तुंगभद्रा, आजोबा.’

‘मग खिडकीची जागा धर.’

विषय तिथेच मिटला. मार्च २०२३ मध्ये राज्यात बायकांना एस.टी.चे तिकीट अर्ध्या दरात मिळू लागले, ते चांगलेच झाले. पण ‘जा’ हा शब्द सरकारला देता येत नाही; तो घरातूनच यावा लागतो. पणजीला देवाचे कारण सांगावे लागले होते. पणतीला कोणतेच कारण सांगावे लागले नाही. एवढे अंतर चालायला आमच्या घराला चार पिढ्या लागल्या.