दगडात तांबं आहे, म्हणून खाण आहे?

सिंगापूरच्या बेडोक रिझर्व्हॉयरभोवती फिरणाऱ्या मराठी मंडळींत कुणीतरी फोन पुढे करतंच. गावच्या शेतातल्या काळ्या दगडाचा फोटो आणि प्रयोगशाळेचा कागद. ‘१५० पीपीएम तांबं निघालंय! खाण होईल ना?’

नाही होणार. १५० पीपीएम म्हणजे टनामागे १५० ग्रॅम. दख्खनच्या बेसाल्टमध्ये एवढं तांबं असतंच. तेवढ्यावर खाण निघती, तर अख्खा सह्याद्री केव्हाच लिलावात गेला असता. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची खाण आहे. तिथल्या खनिजात टक्क्याच्या आसपास, म्हणजे टनाला दहा किलोच्या घरात तांबं. आणि ते आहे ग्रॅनाइटी खडकात, ज्यात एरवी बेसाल्टपेक्षा कितीतरी कमी तांबं असतं! दगडात तांबं किती, हा प्रश्नच अपुरा. ते एका जागी गोळा झालंय का, हे विचारा.

यावर हमखास उत्तर येतं, ‘मग तुम्ही भूशास्त्रज्ञ लोक अभ्रकातलं तांबं कशाला मोजता?’ रास्त प्रश्न. ग्रॅनाइटमधलं काळं अभ्रक म्हणजे बायोटाइट. लव्हरिंग आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दक्षिण ॲरिझोनातल्या बायोटाइटमधलं तांबं खाणीची खूण ठरू शकतं का, हे तपासलं. तेवढ्यावरून ‘अभ्रकात तांबं म्हणजे खाली खाण’ असा सोपा नियम करणारे निघाले. पण १९८८ मध्ये इल्टन आणि व्हेब्लेन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अशा अभ्रकातलं तांबं स्फटिकाच्या रचनेत बसलेलं नसून पापुद्र्यांच्या मध्ये शुद्ध धातूच्या सूक्ष्म कणांच्या रूपात अडकलेलं असू शकतं. ते बहुधा खडक झिजताना, मागाहून मुरलेल्या पाण्याने आणलेलं. म्हणजे आकडा मोठा, पण मूळ शिलारसाबद्दल तो काहीच सांगत नाही. उलटही घडतं: तांबं गरम खारट द्रवाबरोबर निघून गेलं, तर खाणीशेजारचं ताजं अभ्रकही कोरडं निघतं.

गंमत म्हणजे वाट दाखवणारा धातू तांबंच असावा, असंही नाही. इंडोनेशियात सुंबावा बेटावर बातू हिजाऊची तांब्याची खाण आहे. तिथलं क्लोराइट नावाचं खनिज विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं (२०१५). खाणीच्या केंद्रापासून लांब जावं तसं त्यातलं टायटॅनियम घटतं, स्ट्रॉन्शियम वाढतं. काही किलोमीटरांवरूनही दिशा कळते.

असे आणखी समज ऐकू येतात. ‘हिरवा-निळा दगड म्हणजे तांबं.’ नेहमीच नाही. पुण्याकडच्या हिरव्या ॲपोफिलाइटला आणि वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटला रंग देतं ते व्हॅनेडियम.

‘एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणारं) यंत्र खोटं बोलत नाही.’ नाही बोलत. पण ते खिडकीखालचा इवलासा ठिपका वाचतं. तिथे तांब्याचा हिरवा डाग आला की आकडा उसळला.

‘मग बेडोकची माती तपासू या?’ हा जुन्या नद्यांनी आणून टाकलेला गाळ. त्यातल्या फेल्डस्पारची बरीचशी चिकणमाती झालेली. ज्या खनिजांत खुणा शोधायच्या, तीच कुजली. हे रिझर्व्हॉयरही पूर्वी वाळूची खाण होतं, तांब्याची नव्हे.

आणि ‘महाराष्ट्रात तांबं नाहीच’ हेही खोटं. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासन्याला आहे. मात्र काळ्या बेसाल्टमध्ये नाही, त्याहून कितीतरी जुन्या ग्रॅनाइटी खडकातल्या शिरांमध्ये.