पहारेकऱ्याचे ठिगळ

घराला कुलूप घालून आपण निर्धास्तपणे परगावी जातो. त्या कुलपातच काही खोट असेल, अशी शंका सहसा कुणाच्या मनाला शिवत नाही. संगणकांच्या जाळ्याचे रक्षण करणाऱ्या फायरवॉल नावाच्या यंत्राविषयी पुष्कळ कचेऱ्यांची वृत्ती अशीच असते. यंत्र विकत घेतले, दारावर बसवले, की पहाऱ्याची चिंता मिटली! परंतु, श्रोतेहो, हा पहारेकरी घडलेला असतो तो लक्षावधी आज्ञांचा. आणि माणसाने लिहिलेल्या आज्ञांत कुठेतरी चूक राहून जायचीच.

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामातला. एका इमारतीची आग दुसरीत पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत घालीत, तिचे ते नाव. संगणकांच्या सृष्टीतली ही भिंत मात्र जकातनाक्याच्या अधिक जवळची आहे. कचेरीतले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर ती उभी असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक संदेश ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहते. साहजिकच बाहेरच्या जगाची तिच्याशी अष्टौप्रहर गाठ पडते. आतल्या एखाद्या संगणकात उणीव राहिली, तर तिथवर पोचायला चोराला वाट शोधावी लागते. नाक्यावरच उणीव असली, तर तो तिच्यासमोरच उभा असतो.

ही उणीव बुजवण्यासाठी निर्माते जी दुरुस्ती पाठवतात तिला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. संगणकाच्या आरंभकाळी आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहीत. भोक चुकीचे पडले, तर त्यावर तुकडा चिकटवून ते बंद करीत. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क वन या यंत्राच्या पट्ट्यांवर अशी खरीखुरी ठिगळे होती. पुढे पट्टी गेली, नाव तेवढे उरले.

आता यातली खरी अडचण पाहा. ठिगळ प्रसिद्ध झाले, की ते जसे धन्याला मिळते तसे चोरालाही मिळते. जुनी आज्ञावली आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे त्याने पाहिले, की भोक कुठे होते ते त्याला उमगते. म्हणजे ठिगळ निघाल्याच्या दिवसापासून ते न लावणाऱ्याचा धोका उलट वाढतो. काही वेळा चोर ठिगळाच्याही आधी पोचतो, ते निराळे.

फोर्टिनेट या अमेरिकन कंपनीच्या फोर्टिगेट यंत्रांचे उदाहरण बोलके आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी या यंत्रांत जी वाट ठेवलेली असते, तिच्यातल्या एका दोषामुळे परका मनुष्य ओळख न पटवताच आतल्या फाइली वाचू शके. त्यांत वापरणाऱ्यांची नावे आणि परवलीचे शब्दही असत. मे २०१९ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली. ऑगस्टमध्ये संशोधकांनी त्या दोषाचे तपशील जाहीर सभेत मांडले. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० यंत्रांचे परवलीचे शब्द चोरांनी उघड केले! यांपैकी काहींनी मधल्या काळात ठिगळ लावलेही असेल. पण शब्द तेच ठेवले असल्यास त्याचा काय उपयोग? किल्लीचा ठसा आधीच घेतला गेला होता.

मग लोक दिरंगाई का करतात? केवळ आळस म्हणून नव्हे. ठिगळ लावल्यावर यंत्र बहुधा बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, आणि तेवढा वेळ नाका बंद. रुग्णालयात किंवा बँकेत ती काही मिनिटेही जड जातात. शिवाय नव्या आज्ञावलीने जुना एखादा नियम बिघडला, तर सकाळी दोष येतो तो रात्री जागलेल्या तंत्रज्ञाच्याच माथी. त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

या भीतीवर उपाय तयारीचा आहे. निर्मात्याची टिपणे आधी वाचावीत. पुष्कळदा फार जुन्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधल्या पायऱ्या घ्याव्या लागतात. यंत्रातील सर्व नियमांची प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. उतरवून घेतलेली फाइल अस्सल आहे की नाही, हे निर्मात्याने दिलेल्या खूणसंख्येशी ताडून पाहावे. जिथे खर्च झेपतो तिथे दोन यंत्रे जोडीने बसवतात: राखीव यंत्राला आधी ठिगळ लावायचे, ते नीट चालते असे दिसले की पहारा त्याच्याकडे सोपवायचा, आणि मग पहिल्याला हात घालायचा. काम पुरे झाल्यावर टपाल येते काय, दूरच्या शाखा जोडल्या जातात काय, हे स्वतः करून पाहावे. बिघाड झालाच, तर जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय अनेक यंत्रांत असते. यानंतर नोंदवही चाळून आधीच कुणी आत शिरले होते काय ते पाहावे आणि संशय आल्यास सगळे परवलीचे शब्द बदलावेत.

राहता राहिली ती जुनी यंत्रे, ज्यांच्यासाठी निर्मात्याने ठिगळे देणेच थांबवलेले असते. ती दिवे लुकलुकवीत वर्षानुवर्षे चालू राहतात, म्हणून अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी पैसा धरला जात नाही. अशा यंत्रांना ठिगळ नाही. ती बदलावीच लागतात.