एकच कोळीवाडा, रुळांच्या दोन्ही बाजूंना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली, हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत राहणाऱ्या मुलांच्या तर ही घटना अगदी घराजवळची. तरीही या वाक्याबद्दल त्यांना एकही प्रश्न पडत नाही. विज्ञानाच्या तासाला ‘हे कशावरून?’ असे विचारणारा विद्यार्थी सामाजिक शास्त्रांच्या तासाला गप्प बसतो, कारण तेथे त्याच्या हाती फक्त उत्तर येते. ते ज्या पुराव्यावरून काढले, तो पुरावा त्याला दिसत नाही. वास्तविक या विषयाची प्रयोगशाळा शाळेच्या फाटकाबाहेरच आहे. कोपरीचेच उदाहरण घेऊन पाहू.

चेंदणी कोळीवाडा हे नाव ठाण्यात रुळांच्या पश्चिमेलाही आढळते आणि पूर्वेलाही. हे झाले निरीक्षण. असे का, याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले, कोळीवाडा आधीपासून होता आणि रेल्वेने त्याचे दोन भाग केले. दुसरे, वस्ती मुळात एकाच बाजूला होती. पुढे ती वाढली आणि लोकांनी पलीकडे जाताना आपले नावही नेले. नववी-दहावीच्या वर्गात ही दोन्ही गृहीतके फळ्यावर लिहावीत आणि विचारावे: यांतले कोणते खरे, हे ठरवायचे कसे?

मुले बहुधा म्हणतील, दोन्हीकडच्या लोकांना विचारू; त्यांचे एकमेकांशी नाते असेल तर पहिले खरे. येथे थोडे थांबावे. नातीगोती तर दोन्ही गृहीतकांत अपेक्षितच आहेत! जो पुरावा दोन्ही स्पष्टीकरणांना सारखाच लागू पडतो, तो निर्णय देऊ शकत नाही. दोहोंत फरक करील असा पुरावा हवा. उदाहरणार्थ, १८५३ पूर्वीचा नकाशा मिळाला तर त्यात आजच्या रुळांच्या कोणत्या बाजूला घरे दाखवली आहेत? दोन्ही बाजूंच्या देवळांपैकी रेल्वेपूर्वीची कोणती? एखाद्या घरी जागेचे जुने कागद आहेत का? १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही पाहता येईल. मात्र ते रेल्वेनंतर २९ वर्षांनी छापले गेले, तेव्हा रेल्वेपूर्वीची माहिती त्याच्या लेखकांना कोठून मिळाली, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता दुसरे उदाहरण. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे कोपरीत वसली. आजोबा-आजींच्या आठवणी हा येथे मोलाचा पुरावा आहे. शिवाय १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद झाली होती आणि तिचे जिल्हावार आकडे प्रसिद्ध झाले. मग आठवणी बाजूला ठेवून आकड्यांवरच विसंबावे काय? तसे करता येणार नाही. ज्याला आपण आज उल्हासनगर म्हणतो ती विस्थापितांची मोठी छावणीही ठाणे जिल्ह्यातच होती. जिल्ह्याच्या आकड्यावरून कोपरीचे चित्र वेगळे काढता येत नाही. उलट एका घरच्या आठवणीवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येत नाही. मीटरपट्टीने केसाची जाडी मोजू नये आणि सूक्ष्ममापीने मैदानाची लांबी मोजू नये, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. प्रत्येक साधनाला लघुतम माप असते, तसेच प्रत्येक पुराव्यालाही असते.

एक पथ्य मात्र पाळावे. आठवणीतला माणूस हा प्रयोगातला नमुना नव्हे. घर सोडावे लागलेल्या माणसाला काही गोष्टी सांगाव्याशा वाटत नाहीत. तो थांबला की विद्यार्थ्यानेही थांबावे आणि वहीत ‘सांगितले नाही’ एवढेच लिहावे. आठवण आणि कागद यांचा मेळ बसला नाही, तर आजी खोटे बोलल्या असा निष्कर्ष वर्गात काढू नये. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि फरकाचे कारण शोधावे.

हे सारे नवे नाही. मध्य प्रदेशातील काही शासकीय माध्यमिक शाळांत १९८० च्या दशकात एकलव्य या संस्थेने सामाजिक शास्त्रे अशाच पद्धतीने शिकवण्याचा प्रयोग केला. तेथे परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. पुस्तक समोर असले तरी विचार करूनच उत्तर द्यावे लागेल, असे प्रश्न काढायचे ही त्यामागची कल्पना. आपल्याला संपूर्ण परीक्षा बदलता येणार नाही, पण अंतर्गत मूल्यमापनासाठी असा एक प्रकल्प नक्कीच देता येईल. गुण देताना उत्तर बरोबर आले का हे न पाहता, पुरावा कोणता, तो कोठून मिळाला आणि त्याची मर्यादा काय, हे विद्यार्थ्याने लिहिले आहे का ते पाहावे.

एवढा खटाटोप कशासाठी? कोपरीतील एकाच बाकावर कोळी, आगरी, सिंधी आणि कोकणातून वा घाटावरून आलेल्या घरांतील मुले बसतात. उद्या यांतल्या कोणाबद्दलही ‘हे लोक मूळचे इथले नाहीत’, ‘यांनी आमची जागा बळकावली’ अशी वाक्ये त्यांच्या कानावर पडतील. त्या वेळी सनावळ्या उपयोगी पडणार नाहीत. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न उपयोगी पडेल. त्याची सवय वर्गात लागली नाही, तर ती पुढे रस्त्यावर लागण्याची शक्यता कमीच.

सुरुवात अगदी छोट्या प्रश्नाने करता येईल. कोपरी हे नाव ‘कोपरा’ या शब्दावरून पडले असेल का? खाडीपलीकडे, वाशीजवळही कोपरी नावाचे गाव आहे. तर्क बरोबर असेल, तर दोन्ही गावांच्या जुन्या जागांत काय साम्य दिसायला हवे? ते आधी वहीत लिहायला सांगा, आणि मगच नकाशा उघडा.